डायलिसिसच्या मशिनसाठी गुरुवार मोडू नका

प्रश्न असा आहे. तालुक्याच्या गावातला रोटरी क्लब, कागदावर ३८ सभासद, गुरुवारच्या मीटिंगला येतात अकरा-बारा. येत्या वर्षात उपजिल्हा रुग्णालयाला डायलिसिसची दोन मशिनं द्यायची आहेत, त्यासाठी १५ लाख रुपये उभे करायचे आहेत. नियोजित अध्यक्ष विचारतात, की दर आठवड्याची मीटिंग बंद करून महिन्यातून एकदाच भेटावं आणि सगळी ताकद एका मोठ्या ऑर्केस्ट्रावर लावावी का? आणि जाता जाता, मीटिंगनंतरच्या जेवणाचा खर्च प्रकल्पाच्या निधीतून भागवला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात तडजोडीला जागा नाही. चालणार नाही, एक रुपयाही नाही. बाकीच्या दोन्ही गोष्टींनाही माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. मीटिंग कमी करू नका आणि ऑर्केस्ट्रा करू नका. सांगली भागातल्या एका लहान क्लबात मी सत्तावीस वर्षं आहे. एकदा सचिव होतो, एकदा अध्यक्ष, आणि सात वर्षं खजिनदार. अध्यक्षाच्या गळ्यात वर्षभर पदाची कॉलर असते, पण क्लब कशावर उभा आहे ते खजिनदाराला दिसतं. जे दिसलं ते सांगतो.

आधी मशिनबद्दल. मशिन विकत घेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा, बहुतेकदा तीनदा डायलिसिस लागतं आणि एका वेळेला साधारण चार तास जातात. एक मशिन दिवसाला दोन पाळ्यांत, आठवड्याचे सहा दिवस चालवलं तर बारा सत्रं होतात. तीनदा येणारे रुग्ण धरले तर एका मशिनवर चार माणसं, दोन मशिनवर आठ. एका मशिनची वर्षाची सत्रं झाली ६२४. प्रत्येक सत्राला डायलायझर म्हणजे रक्त गाळणारी नळी, बाकीच्या नळ्या, द्रावण, इंजेक्शन, वीज, तंत्रज्ञाचा पगार. हे सगळं मिळून सत्रामागे समजा १५०० रुपये धरले, तर एका मशिनचा वर्षाचा खर्च ९ लाख ३६ हजार, दोन मशिनचा १८ लाख ७२ हजार. म्हणजे पहिल्याच वर्षी चालवण्याचा खर्च तुमच्या १५ लाखांना मागे टाकतो. रुग्णालय सरकारी आहे, त्यामुळे यातला मोठा वाटा सरकारी योजनेतून येऊ शकतो. जिल्हा रुग्णालयांसाठी केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून सुरूच आहे. पण ‘येऊ शकतो’ यावर मशिन मागवू नका. तंत्रज्ञ कोण देणार, साहित्य कुठून येणार, देखभालीचा वार्षिक करार कोण भरणार, देखरेखीला डॉक्टर कोण, या चार गोष्टी वैद्यकीय अधीक्षकांकडून लेखी घ्या. प्लास्टिकचं आवरणही न काढलेली, फीत कापल्यापासून तशीच उभी असलेली यंत्रं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर क्लबाचं नाव ठळक अक्षरांत असतं, आणि त्या खोलीवरून जाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला ते वाचता येतं.

पाण्याचंही तसंच. एका सत्राला शंभर लिटरच्या वर शुद्ध केलेलं पाणी लागतं. पाण्यातली क्लोरीनची संयुगं नीट काढली नाहीत तर रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून मशिनच्या आधी पाणी शुद्ध करणारा प्लांट येतो. आम्ही डायलिसिसचं काम हातात घेतलं तेव्हा आमच्या अंदाजपत्रकात प्लांट होता, पण तो कोटेशनमध्ये छापलेला तयार आकडा होता. एका गुरुवारी आम्ही सहज प्रकल्पाची माहिती देत होतो. आमच्यातला एक सभासद कारखान्यांना पाण्याचे प्लांट बसवतो. तो मागच्या खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते कुणी तपासलंय का? कुणीच तपासलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी स्वतः बाटली घेऊन गेला. पाणी इतकं जड निघालं की कोटेशनमधल्या प्लांटचे पाणी गाळणारे पडदे काही महिन्यांत गेले असते. त्यानं मांडणी बदलून दिली आणि पहिली दोन वर्षं देखभाल फुकट केली. त्या दिवशी मीटिंग नसती तर हा प्रश्न कुणी विचारला असता? व्हॉट्सॲपच्या गटावर तो माणूस फक्त वाढदिवसाला फुलं पाठवायचा.

मीटिंग आणि निधी ही दोन खाती वेगळी आहेत, एकातली ताकद काढून दुसऱ्यात भरता येते, असं तुमच्या प्रश्नात गृहीत धरलंय. माझा अनुभव उलटा आहे. दर आठवड्याला एकत्र बसणारी माणसंच एकत्र उठून दुसऱ्याच्या दारात जातात. आमच्याकडे हजेरी घसरली त्या प्रत्येक वर्षी, साधारण सहा महिन्यांनी, देणग्याही घसरल्या.

रोटरीचा उगमसुद्धा असाच आहे. पॉल हॅरिस लहान गावात वाढलेला वकील, शिकागोसारख्या प्रचंड शहरात त्याला ओळखीची माणसं हवी होती. २३ फेब्रुवारी १९०५ ला चौघे जमले ते खाण-अभियंता असलेल्या गुस्टाव्हस लोअरच्या कचेरीत, युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत. बाकीचे दोघे कोण, तर सिल्व्हेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी आणि हायरम शोरी हा शिंपी. पुढच्या बैठका आळीपाळीनं एकेकाच्या कामाच्या जागी व्हायच्या, त्या फिरण्यावरूनच रोटरी हे नाव आलं. लोकांसाठी काही करायचं हे नंतर सुचलं. शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून १९०७ मध्ये त्यांनी खटपट केली. आधी बैठक, मग सेवा, हा क्रम आहे. आपल्याकडे तर ही गोष्ट भिशी चालवणारी कुठलीही मावशी सांगेल. पैशांची भिशी टिकते ती चहा-पोह्यांमुळे.

नियमाचंही सांगून टाकतो. २०१६ पासून रोटरीनं क्लबांना मोकळीक दिली आहे, दर आठवड्याला भेटायलाच पाहिजे असं आता नाही. पण महिन्यातून किमान दोनदा भेटलंच पाहिजे. म्हणजे महिन्यातून एकदा हा तुमचा विचार नियमातही बसत नाही. दोनदावर यायचं का, हे तुम्ही ठरवू शकता. मी तेही करणार नाही. आठवड्याची भेट अंगवळणी पडते, पंधरवड्याची डायरीत लिहावी लागते. ‘आज पहिला गुरुवार की दुसरा’ हे विचारायला लागलं की माणूस घरी बसतो.

मग माणसं येत का नाहीत? तुमच्या अकरा जणांना विचारू नका, न येणाऱ्यांना विचारा. आम्ही विचारलं तेव्हा वेळ नाही असं फारच थोड्यांनी सांगितलं. साडेसातची मीटिंग सव्वाआठला सुरू होते, असं बहुतेकांनी सांगितलं. घंटा, प्रार्थना, परिचय, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांच्या परिचयाचा परिचय, आभार, आणि वक्ता उभा राहतो तेव्हा सव्वानऊ वाजलेले. ज्याचं दुकान आठला बंद होतं आणि सकाळी सहाला मार्केट यार्डात सौदे असतात, तो हे किती आठवडे सोसेल? आम्ही ठरवलं, की साडेसातला तिघे असले तरी घंटा वाजणार आणि साडेआठला संपणार, मग वक्ता कितीही मोठा असो. पहिले चार गुरुवार खरोखर तिघा-चौघांत घंटा वाजली. पाचव्या गुरुवारी नऊ जण वेळेवर होते. सत्कार महिन्यातून एकदाच, सगळे एकत्र. वाढदिवस दोन मिनिटांत.

आणि वक्ते बाहेरून आणण्याची घाई करू नका. रोटरीत नव्या सभासदानं आपल्या व्यवसायाबद्दल बोलायची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे ती शपथविधीच्या दिवशी तीन मिनिटांत उरकतात. ती पूर्ण वीस मिनिटांची करा आणि जुन्या सभासदांनाही पुन्हा उभं करा. वीस वर्षं शेजारी बसलेल्या हळदीच्या व्यापाऱ्यानं एकदा आम्हाला सांगितलं, की पोत्यातली मूठभर हळकुंडं मोडून तो भाव कसा ठरवतो, आतला रंग, मोडतानाचा आवाज, वास. लोक जेवायला उठायला तयार नव्हते. महिन्यातला एक गुरुवार सभासदाच्या कामाच्या जागी घ्या, त्या शिकागोच्या चौघांसारखा. छापखान्यात, दवाखान्यात, वर्कशॉपमध्ये, द्राक्षबागेत. हॉटेलचं भाडं वाचतं आणि ज्याच्या घरी पाहुणे जातात तो पुढच्या गुरुवारी आपणहून येतो.

जेवणाचं. हॉटेलातल्या थाळीमुळे तुमची सभासदवर्गणी फुगली असेल, तपासून पाहा. शिक्षक, नर्स, लहान दुकानदार, नुकता प्रॅक्टिसला लागलेला डॉक्टर हे क्लबात येत नाहीत त्याचं पहिलं कारण ते जेवण असतं. आम्ही महिन्यातून एकदा जेवण ठेवलं, बाकीच्या गुरुवारी मिसळ किंवा पोहे आणि चहा. वर्गणी जवळजवळ निम्म्यावर आली आणि वर्षात नऊ नवे सभासद झाले. त्यातल्या सहा बायका होत्या. हे मुद्दाम सांगतो. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीनं आपल्या घटनेतच बदल करून स्त्रियांना सभासदत्व खुलं केलं. तरी आजही कित्येक क्लबांत ‘ॲन्स’ म्हणजे सभासदांच्या बायका फक्त हळदी-कुंकवाला आणि पदग्रहणाला दिसतात. त्यांच्यात मुख्याध्यापिका आहेत, बचत गट चालवणाऱ्या आहेत, वकील आहेत. त्यांना त्यांच्या नावानं सभासद करा. आमच्या गावात घरोघरी जाऊन देणगी मागण्याचं काम त्यांच्याइतकं कुणालाच जमलं नाही.

आता पैसा. दोन बँक खाती ठेवा आणि एकाचा पैसा दुसऱ्यात कधीही जाऊ देऊ नका. सभासदांच्या वर्गणीचं खाते: त्यातून जिल्ह्याची आणि आंतरराष्ट्रीय फी, बुलेटिन, हॉलचं भाडं, चहा, जेवण. लोकांकडून घेतलेल्या पैशाचं खाते: त्यातून फक्त लोकांचं काम. लायन्सवाल्यांकडे हा नियम फार काटेकोर आहे, त्यांच्याकडून शिकण्यासारखा. कार्यक्रमासाठी होणारा खर्च, म्हणजे हॉल, छपाई वगैरे, त्या कार्यक्रमाच्या उत्पन्नातून वजा होऊ शकतो, पण तो हिशोबात उघड दिसला पाहिजे. आमच्याकडे एका वर्षी, मी खजिनदार होण्याआधी, नेत्रशिबिरासाठी जमलेल्या पैशातून शिबिर संपल्यावर सभासदांचं कुटुंबासहित स्नेहभोजन झालं. रक्कम मोठी नव्हती. पण वाढप्यांतल्या एकाचा भाऊ शिबिराला पावती फाडलेला किराणा दुकानदार होता. पुढची चार वर्षं बाजारपेठेतली ती आख्खी गल्ली आम्हाला ‘नंतर या’ म्हणत होती. हर्बर्ट टेलरनं १९३२ मध्ये लिहिलेली चार प्रश्नांची कसोटी आपण दर मीटिंगला म्हणतो. सगळ्या संबंधितांना हे न्याय्य आहे का, हा त्यातला दुसरा प्रश्न. त्या दुकानदाराला समोर बसवून तो विचारता आला पाहिजे.

ऑर्केस्ट्रा आम्ही केला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी. जमा झाले ६ लाख ४० हजार, आणि सगळी देणी भागल्यावर प्रकल्पाला उरले ३८ हजार. कलाकारांचं मानधन, ध्वनी, प्रकाश, मंडप, मुक्काम, शिवाय ऐन वेळी आलेल्या पावसामुळे दुसऱ्यांदा बांधलेलं छत. बातमीत मात्र ६ लाख ४० हजार छापून आले आणि गावाला वाटलं की आमच्याकडे भरपूर पैसा आहे. दोन महिने १४ सभासद दुकान-दवाखाने सोडून पास विकत फिरले होते. ते ३८ हजार त्या चौदांनी खिशातून दिले असते तर माणशी पावणेतीन हजारही आले नसते.

कार्यक्रम करायचाच असेल तर नाटक करा. आमचा भाग नाटकवेडा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीतच ‘सीता स्वयंवर’ केलं. नाटकाचा प्रयोग कॉन्ट्रॅक्टवर मिळतो, खर्च आधी कळतो, छत थिएटरचं असतं. तरी गणित डोळे उघडे ठेवून मांडा. समजा ५०० डोनेशन पास प्रत्येकी ५०० रुपयांना गेले, झाले अडीच लाख. प्रयोगाचे १ लाख ८० हजार, थिएटर २५ हजार, मुक्काम-जेवण २० हजार, जाहिरात आणि छपाई २० हजार, म्हणजे २ लाख ४५ हजार. तिकिटांतून उरले ५ हजार. आता त्याच संध्याकाळसाठी स्मरणिका काढा. पानाला ५ हजार याप्रमाणे ३० पानं जाहिरात, दीड लाख. छपाईचे ३० हजार वजा, उरले १ लाख २० हजार. म्हणजे नाटक उत्पन्न देत नाही, स्मरणिका देते. नाटक हे लोकांना एका छताखाली आणण्याचं निमित्त. त्या छताखाली मध्यंतराच्या आधी डायलिसिसवर असलेल्या एखाद्या रुग्णाच्या मुलानं, त्याची इच्छा असेल तरच, पाच मिनिटं बोलावं. गणपती, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि ऊसतोडीची धांदल टाळून तारीख धरा.

पण १५ लाखांचा मोठा भाग कार्यक्रमातून येणारच नाही. तो लोकांकडे मागितल्यानं येईल. आणि मागण्याची सुरुवात सभासदांपासून. प्रत्येकानं आपल्या ऐपतीप्रमाणे, आकडा गुप्त ठेवून, पण दिलाच पाहिजे. ‘आमच्या सगळ्या सभासदांनी दिले आहेत’ हे वाक्य बाहेर बोलता आलं की अर्धं काम होतं. मग दोघांनी मिळून जा, एक ओळखीचा आणि एक माहितगार. फोनवर मागू नका, गटावर क्यूआर कोड टाकून तर मुळीच नाही. व्यापाऱ्याकडे हंगामात जा. आमच्याकडे हळदीची आवक उन्हाळ्याच्या तोंडावर असते, तेव्हा हातात पैसा असतो. त्याला मशिनचा भाग मागू नका, सत्रं मागा. ‘आईच्या वर्षश्राद्धाला चार माणसांचं एकेक डायलिसिस तुमच्याकडून’ हे त्याला कळतं, पटतं, आणि पुढच्या वर्षी तो आपणहून विचारतो. आमच्या यादीत आज अशा पंचाहत्तरेक तारखा आहेत, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, पुण्यतिथ्या. रुग्णालयाच्या भिंतीवरच्या फलकापेक्षा मला ही यादी मोठी वाटते. मार्केट यार्डात व्यवहारातून ‘धर्मादा’ बाजूला काढण्याची रीत जुनी आहे, इतकी की १९५० च्या न्यास कायद्यात त्यासाठी वेगळं कलम घातलं गेलं. तुम्ही नवीन सवय लावत नाही, जुनीला वाट देता आहात.

दर मीटिंगला हॅपी बॉक्स फिरवत असाल तर फिरवत राहा. कुणाची मुलगी पास झाली, कुणी गाडी घेतली, शंभर-पाचशे पडतात. रक्कम लहान असते, पण ती टाकताना माणूस आपली बातमी सांगतो, आणि गावात कुणाचं काय चाललंय ते क्लबाला कळतं. आम्ही तो डबा प्रकल्पाच्या खात्याला जोडला. वर्षाला ४०-४५ हजार होतात. लहान रकमेला कमी लेखू नका. रोटरीचा तेव्हाचा अध्यक्ष आर्च क्लम्फ यानं १९१७ मध्ये निधी उभारण्याची कल्पना मांडली तेव्हा पहिली देणगी आली साडेसव्वीस डॉलरची, कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून. त्या निधीचंच पुढे रोटरी फाउंडेशन झालं, आणि १९८५ मध्ये रोटरीनं पोलिओचं काम अंगावर घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. बूथवर मुलांच्या बोटाला शाई लावणाऱ्यांत तुमच्या क्लबाचे जुने सभासद असतील, त्यांना एका गुरुवारी बोलायला लावा.

कागदपत्रांत हयगय नको. क्लबाचा नोंदणीकृत न्यास असेल तर देणग्या त्याच्याच पावतीवर घ्या. न्यास नसताना लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं कलम ४१-क खाली घेतात तीच. देणगीदारांना आयकराची सवलत, जिला आपण सगळे ८०-जी म्हणतो, ती द्यायची तर न्यासाला तशी मान्यता हवी. रोख २००० रुपयांच्या वर घेतले तर त्या रकमेवर सवलत मिळत नाही. कुणी किती दिलं याचं विवरण दरवर्षी आयकर खात्याला भरावं लागतं, म्हणून पावतीच्या वेळीच पॅन लिहून घ्या. नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला ही सवलत नाही, त्याला खोटी आशा दाखवू नका. कंपन्यांच्या सीएसआरसाठी, म्हणजे सामाजिक कामासाठी त्यांना काढावा लागणाऱ्या निधीसाठी, न्यासाची वेगळी नोंदणी लागते. आणि एक स्थानिक चूक हमखास होते: सहकारी साखर कारखान्याकडे सीएसआर मागायला जातात. सीएसआरची सक्ती कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना आहे, सहकारी संस्थांना ती लागू नाही. तिथे देणगी मागा, ती संचालक मंडळाच्या इच्छेवर आहे, हे समजून मागा.

परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दल जास्त सावध राहा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचं आख्खं काम गुरुवारच्या ओळखींवर चाललं. कुणाकडे ट्रॅक्टर, कुणाकडे कोरडं गोदाम, कुणाच्या भावाचं औषधांचं घाऊक दुकान, कुणाच्या मेहुण्याची पुराच्या पलीकडे डेअरी, हे कुणालाही विचारावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या, आमच्याच गावच्या एका मुलानं मोठी रक्कम पाठवतो म्हणून फोन केला. तेव्हा परकीय देणगीची नोंदणी आमच्या न्यासाकडे नव्हती. तो अजून भारतीय पासपोर्टवर असता तर त्याच्या स्वतःच्या कमाईतले पैसे घेता आले असते. पण त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं, आणि कायद्यानं ती परकीय देणगी ठरते, मग परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असो वा नसो. आम्हाला नाही म्हणावं लागलं. पाण्यात उभी असलेली माणसं समोर असताना नाही म्हणणं फार जड गेलं, पण त्या वेळी घेतले असते तर पुढची कित्येक वर्षं न्यासच अडचणीत आला असता. आम्ही त्याला नोंदणी असलेल्या एका मोठ्या संस्थेचं नाव दिलं. तुमच्या गावची मुलं पुण्या-मुंबईत आणि बाहेर असणारच. पैसे मागण्याआधी कुणाचा पासपोर्ट कुठला ते विचारा.

रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटचा विचार तुम्ही केला असेलच. त्याला एकूण अंदाजपत्रक किमान ३० हजार डॉलरचं लागतं आणि दुसऱ्या देशातला भागीदार क्लब लागतो. गावाची गरज तपासल्याचा अहवाल आणि पैसे संपल्यावर काम कसं चालेल याचं उत्तरही द्यावं लागतं. १५ लाखांत तुम्ही त्या मर्यादेच्या खाली आहात. पण पाण्याचा प्लांट वगैरे धरून अंदाजपत्रक मोठं झालं तर वर जाऊ शकता. घाई करू नका. एक वर्ष तारखांची यादी आणि रुग्णालयाचं लेखी उत्तर तयार करा, मग अर्ज करा. ज्या क्लबाच्या हातात ही दोन कागदं असतात, त्याला परदेशी भागीदार मिळतो.

देणगीदाराला हिशोब कळवा, आणि लवकर. पैसे आल्यावर तीस दिवसांत एक पान: किती आले, किती खर्च झाले, किती सत्रं झाली. फोटो नसला तरी चालेल, रुग्णाचा चेहरा तर नकोच. आकडे चुकले असतील तर दुरुस्ती पाठवा. एकदा आमच्या हिशोबात बेरीज चुकली होती, एका निवृत्त बँक अधिकाऱ्यानं ती दाखवली. आम्ही सगळ्यांना दुरुस्त पान पाठवलं. तोच अधिकारी आज आमचे अंतर्गत हिशोब तपासतो.

तुमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधीच्या या गुरुवारी जे अकरा येतील त्यांनी उरलेल्या सत्तावीस जणांची नावं आपसांत वाटून घ्यावीत. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन येतील. आठवड्याभरात त्यांच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेत जाऊन भेटा, फोन नको. डायलिसिसचं नाव काढू नका, थकलेल्या वर्गणीचं तर मुळीच नको. का येत नाही ते विचारा, उत्तर मध्येच न तोडता ऐका, आणि पुढच्या गुरुवारी कुणाच्या वर्कशॉपमध्ये भेटतोय ते सांगा. साडेसातला घंटा, साडेआठला घरी.